बाळंतपण कुठं करणार?

१८८६ साली कोल्हापूर दरबारानं एका डॉक्टरीणबाईंची नेमणूक केली. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या कक्षाचा कारभार त्यांनी बघायचा होता. बाईंचं नाव आनंदीबाई जोशी. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. होऊन बाहेर पडल्या होत्या आणि प्रबंधासाठी त्यांनी हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला होता. कोल्हापूरच्या त्या कक्षात त्यांचं पाऊल कधी पडलंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयानं त्या पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

डॉक्टर होण्याची कल्पना आनंदीबाईंच्या मनात कुठून आली, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवस जगला. त्या काळी घरोघर असंच होतं. कोल्हापूरला पुढं शाहू महाराजांच्या कारकिर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर मिळाल्या आणि बायकांना त्याच हॉस्पिटलात बाई डॉक्टर दिसू लागली. तरीही बाळंतपण म्हणजे सुईण, अंधारी खोली, बाजेखाली शेगडी हे चित्र पुढची साठ-सत्तर वर्षं फारसं हललं नाही.

बाळाचे पहिले दहा दिवस धोक्याचे, हे आपल्या लोकांना वैद्यकशास्त्र यायच्या आधीपासून पक्कं माहीत होतं. पाचवीची रात्र जागवायची, पाटा-वरवंटा पुजायचा, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाणार म्हणून दिवा विझू द्यायचा नाही, हे सगळं त्या भीतीतूनच आलं असावं, असा माझा आपला अंदाज. ही भीती उगीच नव्हती. नवजात बाळाच्या धनुर्वाताची रीतच तशी आहे. पहिले दोन दिवस बाळ अगदी ठणठणीत असतं. अंगावर पितं, खणखणीत रडतं. मग तिसऱ्या दिवसापासून पुढच्या आठवडाभरात कधीतरी ते दूध ओढेनासं होतं. जबडा आवळतो, अंग ताठ होतं, नुसत्या आवाजानं किंवा उजेडानं झटका येतो. बाळ मुठी आवळून धनुष्यासारखं मागं वाकतं. उपचाराविना त्यातून क्वचितच कुणी वाचायचं.

कारण घरातच असायचं. नाळ ज्या विळ्यानं कापली तो सकाळी गवताला गेलेला असे. नाळेवर शेण, राख, हळद, जे हाताशी असेल ते लावलं जाई. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात बीजरूपानं वर्षानुवर्षं पडून राहतात आणि नाळेच्या कापलेल्या टोकाइतकी सोयीची जागा त्यांना दुसरी मिळत नाही. काही घरांत तोच विळा पुन्हा पाचवीला बाळाच्या उशाशी राखणीला ठेवत.

यावरचा उपाय ऐकायला फार साधा आहे. गरोदरपणी आईला लस टोचायची. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि बाळ जन्मतःच चिलखत घालून येतं. जोडीला नवं ब्लेड, स्वच्छ दोरा आणि नाळेला काहीही न लावणं. एवढ्यावर २०१५ साली भारतातून हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याची नोंद झाली. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हा त्याचा निकष. आज कोल्हापुरातल्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी हा रोग पुस्तकातच पाहिला असण्याची शक्यता जास्त.

आई-बाळांच्या एकूण मृत्यूंचे आकडेही अशीच घट सांगतात. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. देशाचा तेव्हा ९७ होता आणि केरळचा १९. बालमृत्यूंचं २०२० चं गणित असं: राज्यात हजार जन्मांमागे वर्षाच्या आत १६ मुलं जात होती आणि त्यांतली ११ पहिल्या २८ दिवसांतच. पाच वर्षांपर्यंतचा हिशेब मांडला तर १८. म्हणजे जगायचं-न जगायचं ते बहुतेक पहिल्या महिन्यातच ठरतं. संयुक्त राष्ट्रांनी २०३० साठी ठरवलेली मातामृत्यू ७० च्या खाली, नवजात मृत्यू १२ आणि पाच वर्षांखालचे २५ ही उद्दिष्टं महाराष्ट्रानं वेळेआधीच गाठली.

मग प्रकरण इथंच संपवावं की काय? नाही. लस टोचून जे संपण्यासारखं होतं ते संपलं. उरलेल्या मृत्यूंना एका सुईचा उपाय नाही. तिथं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, जाणतं माणूस हजर लागतं. आणि बाई तर गरोदरपणात एका जागी राहत नाही.

आधी रक्तस्रावाचं पाहू, कारण आईच्या मृत्यूचं पहिलं कारण अजून तेच आहे. दिवस भरत आले की गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा थोडं जास्तच रक्त पुरवलं जातं. वार सुटली की त्या जागी कितीतरी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. निसर्गानं सोय अशी केलीय की गर्भाशयाचे स्नायू आडवेतिडवे विणलेले असतात. ते आवळले की मधून जाणाऱ्या वाहिन्या आपोआप चिमटल्या जातात. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय दगडासारखं घट्ट लागतं. ते सैल राहिलं तर मात्र धडगत नाही. धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते, आणि महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याच्या आसपास मुळातच रक्त कमी असलेल्या. त्यांना तर दोन तासही मिळत नाहीत.

बाळ बाहेर आल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन दिलं की यातला बराच धोका टळतो. हे औषध स्वस्त आहे, पण गार ठेवावं लागतं. लाइट गेली, फ्रीज बंद पडला, तर बाटलीवरचं नाव तेच राहतं आणि आतलं बळ जातं. याच ऑक्सिटोसिनची दुसरी ओळख कोल्हापूरच्या माणसाला वेगळी सांगायला नको. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून ते चोरून टोचलं जातं. हा गैरवापर थांबवायचा म्हणून केंद्र सरकारनं २०१८ साली खासगी कंपन्यांना त्याचं उत्पादन बंद करायला सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. औषधाचा तुटवडा झाला तर बाळंतिणींचं काय, हा प्रश्न त्यात मुख्य होता. गोठ्यातल्या लबाडीचा दंड प्रसूतिगृहात वसूल होणार होता, तो थोडक्यात टळला.

रक्तस्रावात खरी गफलत होते ती मोजण्यात. किती रक्त गेलं हे नजरेनं ठरवायची पद्धत. चादर भिजली, थोडं बादलीत गेलं, थोडं फरशीवर, आणि अनुभवी माणूस म्हणतं, ‘एवढं जातंच.’ २०२३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतली ८० रुग्णालयं आणि दोन लाखांवर बाळंतपणं त्यात होती. बाईच्या कमरेखाली प्लॅस्टिकचं एक कापड घालायचं, त्याच्या टोकाला पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त रेघेला पोचलं की वाट बघायची नाही. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाइन, आतून तपासणी, सगळं एका दमात करायचं. जिथं हे केलं तिथं गंभीर रक्तस्राव आणि त्यापायी होणारी ऑपरेशनं व मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले. पूर्वी निम्मे रक्तस्राव ओळखूच येत नव्हते, ते आता शंभरातले ९३ ओळखू आले. औषधं जुनीच होती. नवी होती ती रेघ.

दुसरं मोठं कारण रक्तदाबाचं. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० च्या वर जातो, लघवीत प्रथिनं उतरतात. बाई म्हणते, डोकं लई ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. पायावर सूज असते, पण ती तर सगळ्यांनाच येते म्हणून घरचे सोडून देतात. मग एका रात्री झटके येतात. डोळे फिरतात, जीभ चावली जाते, आणि अजूनही एखाद्या घरात पहिली धाव देवऋष्याकडे जाते. बाहेरचं काहीतरी लागलं म्हणून लिंबू उतरेपर्यंत दुसरा झटका येऊन गेलेला असतो. यावरचं औषध मॅग्नेशियम सल्फेट, रसायन म्हणून अगदी मामुली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच देऊन मग पुढं पाठवता येतं. तो न देता नुसती गाडी बोलावली, तर पुढचा झटका घाटात येणार.

हा आजार सर्वांत जास्त कुणाला होतो, तर पहिलटकरणीला. आणि आपल्याकडं पहिलं बाळंतपण कुठं? माहेरी.

डोहाळजेवण झालं, ओटी भरली, की पोरगी माहेरी निघते. रिवाज म्हणून तो मला आवडतो. दमलेल्या बाईला आईच्या हातचं खायला मिळतं, दुपारचं हक्कानं पडता येतं. सासरी ‘मला बरं वाटत नाही’ म्हणायला जी जीभ रेटत नाही ती माहेरी रेटते. या रिवाजानं किती जीव वाचवले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण त्याची एक काळी बाजू आहे. सात महिने तिचा दाब, वजन, हिमोग्लोबिन ज्या आशाताईनं, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीनं, आणि नर्सबाईंनी वहीत लिहिलं, त्या सासरच्या. माहेरच्या उपकेंद्राच्या लेखी ही बाई नाहीच. सासरची आशा म्हणते ती गेली, माहेरची म्हणते मला कुणी सांगितलं नाही. आणि दाब चढायचे दिवस नेमके तेच. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलगी खासगी डॉक्टरची फाइल घेऊन पन्हाळ्याजवळच्या माहेरी येते, तिचंही हेच. निपाणी-बेळगावकडं दिलेली मुलगी गडहिंग्लजला येते तेव्हा तिच्याकडं कर्नाटकातलं कानडी ‘तायी कार्ड’ असतं. इथल्या नर्सबाईंना ते वाचता आलं तर नशीब.

‘बाळंतपण कुठं करणार?’ हा आपल्याकडं नवरा-बायकोच्या घरच्यांनी आपसांत ठरवायचा, मानापानाचा प्रश्न. तपासणीच्या पहिल्याच भेटीत तो डॉक्टरनं आणि आशानं विचारला पाहिजे, आणि उत्तराबरोबर माहेरच्या आशाचा फोन नंबर लिहून घेतला पाहिजे. ऑनलाइन नोंदणी आहे, बाईला क्रमांक आहे, तो दोन्ही गावांत चालावा अशी सोय कागदावर आहे. प्रत्यक्षात काम करतो तो एका आशानं दुसरीला केलेला फोन. ‘आमची सून तुमच्याकडं आलीया, दाब जरा वर हाय, नऊ तारखेला न्या.’ दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून तपासणी होते, २०१६ पासून.

कोल्हापूर जिल्हा नकाशावर सुखवस्तू दिसतो. ऊस, दूध, सूतगिरण्या, दारात मोटरसायकल. पण पश्चिमेकडची बाजू वेगळी आहे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर धनगरवाडे आहेत. तिथून पावसाळ्यात बाईला झोळीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणावं लागतं. चंदगडच्या बाईला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. जीव अडला की माणूस राज्याची हद्द बघत नाही, जवळचं हॉस्पिटल बघतो. कागदपत्रं मात्र हद्द बघतात. खालच्या अंगाला, शिरोळ-करवीरकडं, संकट उलट्या बाजूनं येतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. अशा वेळी १०८ ला फोन लागला तरी गाडी येणार कुठून? पंचगंगा इशारा पातळीकडं सरकू लागली की नववा महिना लागलेल्या बायका गावातून आधी हलवायच्या, वेणा सुरू व्हायची वाट बघायची नाही. जनावरं कधी हलवायची हे नदीकाठच्या गावांना बरोबर कळतं. तोच हिशेब इथं लावायचा.

उशीर तीन ठिकाणी होतो, असं डीबोरा मेन आणि सेरीन थॅडियस या दोन अभ्यासक बायकांनी १९९४ साली मांडलं. घरी निर्णय घ्यायला, वाटेत, आणि दवाखान्याच्या दारात गेल्यावर. महाराष्ट्रात आता ९५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे पहिला उशीर पुष्कळ आटला. तिसरा शिल्लक आहे. लहान दवाखान्यात रक्त नाही, भूल देणारा नाही, म्हणून ‘पुढं न्या’ अशी चिठ्ठी मिळते. पुढच्या ठिकाणीही खाट नाही. बाई शेवटी सीपीआरच्या दारात पोचते तेव्हा तिच्या हातात तीन चिठ्ठ्या असतात आणि अंगात रक्त नसतं. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं आधी पुढं फोन करून खाट आणि रक्तगट पक्का केला तर यातला एक तास तरी वाचतो.

आता बाळाकडं. नवजात बाळं दगावतात ती मुख्यतः तीन कारणांनी: दिवसांआधी जन्म, जन्मताच श्वास न घेणं आणि जंतुसंसर्ग. मोठं हॉस्पिटल नसेल तर काहीच करता येत नाही, असा यावरचा सार्वत्रिक समज गडचिरोलीत मोडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचे श्वास मोजणं, वजन करणं, ते ऊबदार ठेवणं, श्वास न घेणाऱ्याला पिशवीनं हवा देणं हे त्या शिकल्या. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनही त्या देऊ लागल्या. हे शेवटचं ऐकून अनेक डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून आशाताईंमार्फत हीच पद्धत देशभर गेली, इंजेक्शनाचा भाग मात्र वगळून.

म्हणून आज बाळ दवाखान्यात जन्मलं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. स्प्रिंगचा काटा, त्याला अडकवलेली कापडी झोळी, घड्याळ आणि थर्मामीटर एवढं तिच्या पिशवीत. बाळाला तोलायचं म्हटलं की आज्जी हमखास आडवी येते. ‘तोलू नगंस बाई, दीष्ट लागंल.’ जाणती आशा वाद घालत नाही. आधी काजळाची तीट लावायला लावते, मग तोलते. काटा अडीच किलोच्या खाली थांबला तर खरं काम सुरू होतं. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायचं, वरून साडी किंवा शाल. याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी ती काढली. गरिबांची तडजोड म्हणून सुरू झालेली ही गोष्ट यंत्राला भारी ठरली. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात दिसलं की जन्मानंतर लगेच सुरू केली तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात. आई ऑपरेशनमुळं पडून असेल तर मावशी बांधू शकते, बापही. बाप सहसा लाजतो.

चिकाचं दूध पिळून टाकायचं आणि बाळाला मध चाटवायचा, हे मात्र अजून पुरतं गेलेलं नाही. गाईम्हशीचा पहिला चीक वासराला पाजलाच पाहिजे हे ज्या घरात कटाक्षानं पाळलं जातं, त्याच घरात सुनेचा चीक वाया जातो, याला काय म्हणावं? पहिल्या महिन्यानंतर न्यूमोनिया आणि हगवण उरतात. त्यांच्यावर लस, जलसंजीवनी आणि झिंक आहे, आणि त्यांचं काम बऱ्यापैकी चाललं आहे.

सगळ्यांत अवघड ती कुठल्याच गावची नसलेली बाई. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापुरात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर घेतलेली असते. बाई गरोदर म्हणून घरी राहिली तर अर्धा कोयता आणि उचल फिटत नाही. त्यामुळं आठव्या महिन्यातही ती पहाटे चारला फडात असते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढते. टोळी आज एका गावात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. इथल्या आशाला ठरावीक घरं नेमून दिलेली, पालं आणि खोपी तिच्या यादीत नाहीत. लसीचा पहिला डोस बीडला, दुसरा कुठं ते कुणाला माहीत नाही. तिचं बाळंतपण खोपीत झालं तर तिसऱ्या दिवशी काटा घेऊन कुणी येत नाही, कारण बाळ कुणाच्याच हिशेबात नसतं. इथं मात्र कारखाना हा एक पक्का पत्ता आहे. टोळीची नोंद मुकादमाकडं आणि कारखान्याच्या शेती विभागात असते, कुठला कोयता कुठल्या फडात हे त्यांना रोज ठाऊक असतं. ऊस किती आला हे टनावारी लिहिणाऱ्या वहीत गरोदर बाईचा एक रकाना वाढवायला काय लागतं?

बाई गेलीच तर तिच्या मृत्यूची चौकशी होते. माता मृत्यू अन्वेषण हे आता सक्तीचं आहे आणि त्यात जिल्हाधिकाऱ्यांपुढं नातेवाइकांनाही बोलावलं जातं. इंग्लंडनं १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची अशी चौकशी केली. दोषी शोधायचा नाही, नावं गुप्त ठेवायची, फक्त कुठं चुकलं ते लिहायचं. केरळनं २००४ पासून तीच वाट धरली. आपल्याकडं बैठकीत पुष्कळदा शेवटचं हॉस्पिटल आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं, मग फाइली नीट लावल्या जातात आणि कारणाच्या रकान्यात ‘उशिरा आणले’ एवढं लिहून सह्या होतात. नातेवाइकांना बोलतं केलं तर सासू सांगते की पोरगी माहेरी जाऊन तीन आठवडे झाले होते, तिथं कुणी दाब तपासला नाही. बाप सांगतो, दोन दवाखान्यांनी दारातूनच पुढं पाठवलं. चौकशीच्या फॉर्मवर या दोन्ही गोष्टींना जागा आहे, फक्त ती पुष्कळदा कोरी राहते.